सूनबाईंचे अठ्ठ्याहत्तर पत्ते

चिंचवडगांवांतल्या एका वडील भगिनींचें पत्र गेले पंधरा दिवस आमच्यापुढें आहे. विषय आमच्या नेहमींच्या वाटेवरचा नव्हे, आणि चार पुस्तकें चाळल्यावांचून दोन ओळी खरडून मोकळें होणें आम्हांस बरें वाटेना.

पत्राचा आशय असा. घर मोठें आहे. लहानथोर मिळून अकरा माणसें एका छपराखालीं नांदतात, आणि चूल अद्याप एकच आहे. धाकट्या सूनबाई चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यांत आरेखनाचें काम करतात. त्यांस 'टॅरो' नांवाच्या पत्त्यांचा एक कॅट विकत घ्यावयाचा आहे, आणि तोहि साधा नव्हे. ज्यावर युरोपांतील ख्रिस्तपूर्व देवदेवता आणि 'विक्का' नांवाच्या पंथाचीं चिन्हें आहेत, असा हवा आहे. थोरल्या जाऊबाई म्हणतात, हें चेटूक आहे. एका बाजूस देहू, दुसऱ्या बाजूस आळंदी, दाराशीं मोरया, आणि मध्यें हे शिंगांचे देव कशाला? मुलगा म्हणतो, चित्रेंच तर आहेत. सासूबाईंनीं आम्हांस तीन प्रश्न विचारले आहेत. हें चेटूक आहे काय? घरांत येऊं द्यावें काय? येऊं द्यावयाचें तर कोणता कॅट घ्यावा, आणि तो ठेवावा कोठें?

तिसरा प्रश्न वाचून आम्हांस समाधान वाटलें. कोठें ठेवावा असें जी विचारते, तिनें मनांतल्या मनांत अर्धी परवानगी दिलेलीच असते.

चेटुकाचें आधीं उरकून घेऊं. टॅरो हा मूळचा निव्वळ खेळ आहे. पंधराव्या शतकांत उत्तर इटलींतील सरदारांच्या वाड्यांतून तो निघाला. नेहमींच्या चार रंगांच्या ५६ पत्त्यांस २२ चित्रपत्ते जोडले, म्हणजे ७८ होतात. त्या बावीस पत्त्यांचें काम तेंच, जें आपल्याकडे हुकूम करतो. आपला हुकूम दर डावास बदलतो. तेथें हे बावीस कायमचे हुकूम. मिलानच्या व्हिस्कोंती व स्फोर्झा या राजघराण्यांसाठीं १४५० च्या सुमारास सोन्याच्या वर्खावर रंगविलेले पत्ते आजहि जपून ठेवलेले आहेत. चार रंग मात्र इटलीचे नव्हेत. पेले, नाणीं, तरवारी आणि दंड हीं चिन्हें मिसर देशांतील मामलुक पत्त्यांवरून घेतलेलीं. मूळ पत्त्यांवर दंडाच्या जागीं चौगान खेळण्याच्या काठ्या होत्या. युरोपियनांस तो खेळ परिचयाचा नसल्यामुळें त्यांनीं त्या काठीचा सोटा करून टाकला.

भविष्याशीं या पत्त्यांची ठळक गांठ पडली ती पुढें तीनशें वर्षांनीं. कूर द जेबलें नांवाच्या एका फ्रेंच विद्वानानें १७८१ सालीं असें छापलें कीं, हे पत्ते म्हणजे प्राचीन मिसरी पुरोहितांचा गुप्त ज्ञानग्रंथ होय. त्या वेळीं मिसरची चित्रलिपि जगांत कोणासहि वाचतां येत नव्हती. ती शांपोल्यों यानें १८२२ सालीं उलगडली. ज्या लिपीचें एक अक्षर लागत नाहीं तींतील ग्रंथाचें सार सांगण्याचें धाडस विद्वानच करूं जाणें! पाठोपाठ, आलिएत हें आपलें नांव उलटें फिरवून 'एतेला' झालेल्या एका पॅरिसकरानें खास भविष्यासाठीं पत्ते छापून धंदा मांडला. आज जगभर पसरलेला जो कॅट आहे, तो लंडनच्या रायडर या प्रकाशकानें १९०९ सालीं काढला. कल्पना आर्थर वेट यांची, आणि चित्रें पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्त्रीचीं. या बाईंनीं थोड्या महिन्यांत सर्व चित्रें काढलीं, आणि मोबदला अगदीं तुटपुंजा मिळाल्याचें एका पत्रांत लिहून ठेवलें. १९५१ सालीं त्या कर्जांतच वारल्या. पत्त्यांस अनेक वर्षें वेट आणि रायडर यांचेंच नांव होतें. चित्रें काढणारीचें नांव आतां कोठें लोक घेऊं लागले आहेत.

विक्का तर याहूनहि अलीकडचा. जेराल्ड गार्डनर नांवाचे एक इंग्रज गृहस्थ सिलोनांत चहाच्या मळ्यांवर आणि पुढें मलायांत जकात खात्यांत नोकरी करून, पेन्शन घेऊन स्वदेशीं परतले, आणि त्यांनीं हा पंथ पुढें आणला. चेटूक येतें अशी बतावणी करणाऱ्यास शिक्षा सांगणारा १७३५ सालचा इंग्रजी कायदा १९५१ सालीं रद्द झाला, आणि गार्डनरांचें प्रसिद्ध पुस्तक १९५४ सालीं निघालें. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापनाहि त्याच १९५४ सालची. तेव्हां ज्याला सूनबाई 'अतिप्राचीन' म्हणत असतील आणि जाऊबाई 'अघोरी' म्हणत असतील, तो पंथ आपल्या पेनिसिलीनच्या कारखान्याच्या वयाचा आहे, एवढें दोघींनींहि लक्षांत घ्यावें. त्या पंथांत रीतसर दीक्षा असते, उपासना असते. बाजारांतून पत्ते आणल्यानें कोणी त्यांत शिरत नाहीं. आणि आपल्या महाराष्ट्राचा २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा म्हणाल, तर त्याचा रोख अलौकिक शक्तीची भीति घालून लोकांस नाडणाऱ्यांवर आहे. घरांत चित्रें पाहणाऱ्यांवर नाहीं.

आतां त्या चिन्हांविषयीं. 'पेगन' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ खेडवळ, गांवंढा मनुष्य. हें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें वाकड-हिंजवडीचा म्हातोबा उभा राहिला. भोंवतीं संगणकाच्या कचेऱ्यांचे कांचेचे मनोरे उठले, तरी चैत्रांत त्याचें बगाड निघतें, आणि त्याच मनोऱ्यांत बसून काम करणारीं गांवचीं मुलें त्या दिवशीं रजा घेतात. आकुर्डीच्या खंडोबाचीहि तीच गोष्ट. युरोपांत असे ग्रामदेव मध्यंतरीं हजार-दीड हजार वर्षें लुप्त झाले. तेथील लोकांस ते आज पुस्तकांतून आणि पत्त्यांतून शोधून काढावे लागतात. आपल्याकडे ते कारखान्याच्या कुंपणाशेजारीं शेंदूर लावून बसलेले आहेत.

शिंगवाल्या देवाचें भय विशेष दिसतें, म्हणून त्याचें थोडें सांगतों. केर्नुन्नोस हें त्याचें नांव पॅरिस येथें सांपडलेल्या रोमन काळांतील एका स्तंभावर कोरलेलें आहे. डेन्मार्कांतील एका दलदलींत १८९१ सालीं चांदीचें एक मोठें पात्र निघालें. त्यावर सांबरासारखीं शिंगें असलेला, मांडी घालून बसलेला, भोंवतीं पशु असलेला पुरुष आहे. मोहेंजोदडोच्या ज्या मुद्रेस आपण पशुपतीची म्हणतों, तिचें चित्र शेजारीं ठेवून पाहावें. दोहोंचें नातें सिद्ध होत नाहीं, परंतु भीति निश्चित जाते. जुन्या टॅरोंत पंधरावा पत्ता सैतानाचा आहे. 'ड्रुइडक्राफ्ट' नांवाच्या पेगन धर्तीच्या कॅटांत त्याच जागीं हा केर्नुन्नोस घातला आहे. म्हणजे भिववणारा पत्ता काढून त्या ठिकाणीं रानाचा देव बसविला. जाऊबाईंस हें अवश्य सांगावें.

पंचकोनी तारा म्हणजे नाण्यांच्या रंगाचें नवें चिन्ह; रांगोळींत आपण तो एका रेघेंत हात न उचलतां काढतों. तीन चंद्र म्हणजे वाढता, पुरा व घटता. त्यांस कुमारी, माता आणि वृद्धा अशीं देवीचीं तीन रूपें मानतात. हें त्रिकूटहि फार जुनें नाहीं. रॉबर्ट ग्रेव्हज् या इंग्रज कवीच्या १९४८ सालच्या पुस्तकानें तें लोकप्रिय केलें. तिथि पाहून उपास धरणाऱ्या घरास चंद्राच्या कलांचें नवल कसलें?

खरी अडचण आहे ती आठ आऱ्यांच्या चक्राची, आणि निवड करतांना सूनबाईंनीं हीच गोष्ट अधिक पाहावी असें आम्हांस वाटतें. पेगन पत्त्यांत वर्षाचे आठ सण असतात: दोन अयनांचे, दोन विषुवांचे, आणि मधले चार. त्यांवरच चित्रांतील झाडेंपानें, बर्फ, शेकोट्या, मुकुट बेतलेले असतात. २१ जून हा त्यांचा सूर्याच्या पूर्ण वैभवाचा दिवस. आपल्याकडे तेव्हां पवनेवर ढग उतरलेले असतात, वारी निघण्याचे दिवस असतात, आणि सूर्य दिसला तर कपडे वाळत घालण्याची घाई होते. डिसेंबरांत त्यांचें सारें मेलेलें, ओकाचीं झाडें उघडीं; आपल्या मार्गशीर्षांत चाकणच्या शिवारांत कांदा उभा असतो. १ मे या दिवशीं ते फुलांचे हार घालून शेकोटीवरून उड्या मारतात. आपल्याला त्या दिवशीं महाराष्ट्रदिनाची सुट्टी आणि अंगाची काहिली. ज्या चित्राचा ऋतु आपल्या अंगाला लागत नाहीं, त्याचा अर्थ पाठ करावा लागतो. तो आपसूक उमलत नाहीं. म्हणून ज्या कॅटांत माणसांचे प्रसंग अधिक आणि हवामान कमी, तो इकडच्या मनुष्यास जवळचा.

पत्ते किंवा फांसे टाकून मनांतलें विचारणें ही गोष्ट आपल्यासहि नवी नाहीं. १८९० सालीं मध्य आशियांतील कूचा येथें बॉवर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या हातीं एक संस्कृत पोथी लागली. तिच्यांत वैद्यकाबरोबर फांशांवरून प्रश्न पाहण्याचीं दोन प्रकरणें आहेत. एक ते चार अंकांचा फांसा तीनदां टाकावयाचा, म्हणजे चौसष्ट उत्तरें होतात, आणि प्रत्येक उत्तर विचारणाऱ्यास उद्देशून सांगितलेलें. (त्याच पोथीच्या आरंभीं लसणीचे गुण मोठ्या आवडीनें गायिले आहेत, हें चातुर्मासांत लसूण वर्ज्य करणाऱ्या वाचकांनीं मनावर घेऊं नये.) रमलविद्या अरबांकडून आली, तिचें नांवच वाळूवाचक शब्दावरून पडलें. कोंकणांत आजहि देवास कौल लावतात, आणि उजवी पाकळी पडली कीं घराचें काम सुरू होतें. अशा घरोघर चालणाऱ्या चाली असतां, एका सुशिक्षित मुलीनें विलायती पत्ते मागितले म्हणून तिला चेटकीण ठरविणें हा न्याय नव्हे.

आतां निवड. पहिली गोष्ट, ७८ पैकीं ५६ साधे पत्ते कसे काढले आहेत तें पाहावें. जुन्या फ्रेंच धर्तीच्या पत्त्यांवर पांच पेले म्हणजे नुसते पांच पेले असतात, आपल्या बदामाच्या पंजीसारखे. पामेलाबाईंनीं प्रत्येक पत्त्यावर प्रसंग रंगविला. त्यांच्या पेल्यांच्या पंजीवर काळा झगा पांघरलेला एक मनुष्य मान खालीं घालून उभा आहे. पुढें तीन पेले लवंडलेले आहेत, पाठीमागें दोन उभे आहेत, आणि दूर नदीवर एक पूल आहे. हें चित्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आम्हांस त्याकडे परत यावयाचें आहे.

पेगन वळणाच्या संचांत रॉबिन वुड या अमेरिकन चित्रकर्त्रीचा १९९१ सालचा कॅट पामेलाबाईंच्या मांडणीस बराच धरून आहे, म्हणून नवशिकीस सोपा. मघांच्या ड्रुइडक्राफ्टचीं चित्रें सुंदर आहेत. पण पत्ते आकारानें मोठे, लहान हातांत पिसतां येत नाहींत, आणि कांहीं चित्रांतील देह अनावृत आहेत. घरांत मुलें आहेत, पाहुणे आहेत. तेव्हां सारीं चित्रें पाहिल्यावांचून मागवूं नयेत. तिसरा एक 'मदरपीस' म्हणून आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियांत दोन स्त्रियांनीं तो केला, आणि त्याचे पत्ते वाटोळे आहेत. स्वस्त नकला पुष्कळ निघाल्या आहेत. कागद पातळ, रंग फिके, आणि सोबतचें पुस्तक गाळलेलें. पुस्तकावांचून कॅट घेऊं नये. 'पहिला कॅट कोणीतरी भेट द्यावा लागतो, स्वतः घेतल्यास लाभत नाहीं' ही समजूत निराधार आहे. सूनबाईंनीं आपल्या पगारांतून खुशाल घ्यावा.

वाटोळ्या पत्त्यांवरून आमचें मन सावंतवाडीस गेलें, तें क्षम्य मानावें. बाबराच्या आत्मचरित्रांत गंजिफांचा उल्लेख आहे, आणि अबुल फझलनें अकबराच्या दरबारांतील पत्त्यांचें वर्णन केलें आहे. आपल्या लोकांनीं त्याच खेळांत दशावतार बसविले. दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान आणि दहा पानें, मिळून १२० वाटोळे पत्ते. दिवसा खेळ मांडल्यास ज्याच्या हातीं राम तो उतारी करी, रात्रीं मांडल्यास कृष्णवाला. जुने चितारी चिंचोक्याच्या खळीचे थर देऊन पत्ता तयार करीत, वर हातानें रंगवीत, आणि लाखेचा हात देत. ही कला बुडत आली असतां शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनीं पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरास हाताशीं धरून ती १९७० नंतरच्या काळांत पुन्हा उभी केली. सावंतवाडीच्या राजवाड्यांत आजहि कारागीर बसून हे पत्ते रंगवितात. परदेशच्या संग्रहांत ते दिसतात; आमच्या वाचकांपैकीं किती घरांत आहेत? सूनबाईंनीं आपल्या आवडीचा कॅट घ्यावाच. त्याच्या जोडीस सासूबाईंनीं एक दशावतारी जोड मागवावा, आणि दिवाळींत अकरा माणसांचे गट पाडून खेळावा, अशी आमची सूचना आहे. मत्स्य-कूर्माच्या बाजूस शिंगवाला देव बसला, म्हणून कांहीं बिघडत नाहीं.

पत्राच्या शेवटीं, सही झाल्यावर, आडव्या अक्षरांत चार ओळी आहेत. त्यांसाठींच हा लेख लिहावा असें आम्हांस वाटलें. सूनबाईंची आई गेल्या वर्षीं वारली. माहेरीं आतां कोणी नाहीं. तेराव्यानंतर त्या कामावर रुजू झाल्या, आणि घरीं कधीं एक शब्द बोलल्या नाहींत. मध्यंतरीं एके संध्याकाळीं कंपनीची बस चाकणच्या चौकांत तासभर अडकून पडली होती. शेजारच्या मैत्रिणीनें पर्समधून पत्ते काढले आणि एक ओढावयास सांगितलें. निघाली ती पेल्यांची पंजी. सूनबाई बसमध्यें रडल्या, आणि त्या दिवशीं घरीं येऊन पुष्कळ दिवसांनीं पोटभर जेवल्या. तेव्हांपासून त्यांस हे पत्ते हवे आहेत. सासूबाई विचारतात: "एका कागदाच्या तुकड्यानें जें दिलें, तें घरांतल्या दहा माणसांना कां देतां आलें नाहीं?"

पत्त्यास कांहीं ठाऊक नव्हतें. तो ७८ पैकीं एक होता आणि पिसतांना वर आला. पण त्यावर लवंडलेले पेले होते, आणि शेजारीं एक मुलगी होती, जिनें 'तुला यांत काय दिसतें?' असें विचारलें आणि बस सुटेपर्यंत ऐकून घेतलें. मोठ्या घरांत हेंच अवघड असतें. तेथें प्रत्येकास वाटतें, दुसऱ्या कोणीं विचारलेंच असेल. दिवसकार्य यथासांग होतें, मासिक श्राद्धाची तिथि माहेरच्या भटजींस विचारली जाते, पाहुण्यांची पंगत उठते. आणि जिची आई गेली तिला त्या आईविषयीं विचारावयाचें राहून जातें. सासूबाईंनीं हा प्रश्न विचारला, यांतच त्यांस उत्तर ठाऊक आहे असें आम्ही समजतों. पत्ते घरीं आले कीं एखाद्या रविवारीं दुपारीं त्यांनीं सूनबाईंजवळ बसावें, ती पंजी हातांत घ्यावी, आणि 'तुझी आई पुरणपोळी कशी करीत असे' येथपासून आरंभ करावा. पत्त्यावरचे मागचे दोन उभे पेले कोणाचे, हें बोलतां बोलतां निघेल.

दोन बंधनें मात्र घालावीं. नोकरी सोडावी कीं नाहीं, मुलीला स्थळ कोणतें पाहावें, मामंजींची शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं, असे प्रश्न पत्त्यांस विचारूं नयेत. त्यांस त्या त्या विषयांतलीं माणसें आहेत. आणि पैसे घेऊन कोणास सांगूं नये, देऊनहि विचारूं नये. या पट्ट्यांत ठेकेदाराकडे राबणारीं हजारों मुलें कायम होण्याची वाट पाहत असतात; त्यांच्या धास्तीवर दुकान मांडणारे लोक पोपटाच्या पिंजऱ्यापासून वातानुकूलित खोलीपर्यंत सर्वत्र बसलेले आहेत. तेरावा पत्ता मृत्यूचा आहे, तो पाहून घरांतील म्हाताऱ्यांनीं दचकूं नये. पांढऱ्या घोड्यावरच्या त्या सांगाड्याच्या पाठीमागें, दोन मनोऱ्यांमधून सूर्य वर येतांना दाखविला आहे. मुलांस तो शोधावयास सांगावा.

ठेवावा कोठें? देव्हाऱ्यांत नको, तेथें जे आहेत ते पुरेसे आहेत, आणि हे पत्ते पूजेचे नव्हेत. अडगळींतहि नको, नाहींतर चोरून आणल्यासारखें दिसेल. बैठकीच्या खोलींत, जेथें सोंगट्या आणि बुद्धिबळें असतात, त्याच कपाटांत ठेवावा. पवनाकांठची पावसाळी हवा कागदास सोसत नाहीं. तेव्हां ज्येष्ठ संपण्यापूर्वीं घट्ट झांकणाच्या डब्यांत घालून ठेवावा, आणि पिसण्यापूर्वीं हात कोरडे करावे.